रुळांवरील मोटार आणि आडवाटेचीं स्टेशनें

नागपूरच्या इतवारी स्टेशनांतून निघणाऱ्या अरुंद लोहमार्गाला शहरांतील लोक ‘छोटी लाईन’ म्हणत. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. मुंबई-हावडा मार्गावर तेंच साडेपांच फूट असतें. या छोट्या लाईनीचा एक फांटा सावनेर, सौंसर करीत सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्यास जाई. दुसरा उमरेड व भिवापूर मागें टाकून नागभीडला पोंचे. पहिल्यावरील गाडी नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस थांबली, दुसऱ्यावरील नोव्हेंबर २०१९ मध्यें. दोन्ही वेळीं कारण एकच होतें: रुंद मापाचा मार्ग टाकावयाचा. रुंद मार्गाचे फायदे उघड आहेत आणि ते नाकारण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं. तरीपण छोट्या गाडीचें दुखणें केवळ रुळांच्या मापांत होतें काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बारकाईनें पाहिलें तर तें दुखणें गाडीच्या घडणींतही होतें.

हे मार्ग मुळांत माणसांसाठीं घातलेच नव्हते. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्यांत व वैनगंगेच्या खोऱ्यांत अरुंद रूळ टाकले, ते जंगलांतील लांकूड, मँगनीज, कोळसा व धान्य मोठ्या मार्गापर्यंत आणण्यासाठीं. मालाच्या वाघिणींना उतारूंचे चार डबे जोडले कीं गाडी तयार! वाटेंत वाघिणी काढावयाच्या, नव्या जोडावयाच्या, तोंवर उतारूंनीं खिडकींतून पळसाचीं झाडें मोजीत बसावें. कंपनीच्या हिशेबांत यांत कांहींच चूक नव्हती. माल होता तोंपर्यंत एंजिनाचा खर्च मालच भागवीत असे.

पुढें सडका झाल्या, मालमोटारी आल्या, आणि माल रुळांवरून उतरला. राहिले ते उतारू: बाजाराला निघालेल्या बाया, शहरांतल्या शाळेंत जाणारीं मुलें, भिवापुरी मिरचीचें पोतें पायाशीं घेऊन बसलेला शेतकरी. यांच्यासाठीं गाडी मात्र जुनीच राहिली. वाफेचें एंजिन म्हणजे मोठा संसार. गाडी सुटण्यापूर्वीं कित्येक तास अगोदर त्याची भट्टी पेटवावी लागे. ठिकठिकाणीं पाणी भरावें लागे. दिवस संपला कीं राख उपसावी लागे. ड्रायव्हरबरोबर कोळसा टाकणारा माणूस हवाच. शेवटच्या स्टेशनावर पोंचल्यावर एंजिन सोडून, बाजूच्या रुळावरून फिरवून, दुसऱ्या टोकाला जोडावयाचें. डब्यांत वीस माणसें असोत कीं दोनशें, हा खर्च कांहीं कमी होत नसे.

याच अडचणीवर पाश्चात्य देशांत जो उपाय निघाला, त्याला रेलकार म्हणतात. मराठींत ‘रुळांवरील मोटार’ म्हटलें कीं तिचें स्वरूप ध्यानांत येतें. एंजिन वेगळें नाहीं. डब्यांतच डिझेलचें यंत्र बसविलेलें, त्याची शक्ति दंतचक्रांच्या पेटींतून चाकांना मिळते. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा ठेवली कीं गाडी फिरविण्याची यातायात संपते. ड्रायव्हर एका टोकाकडून उठतो व दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. वजन थोडें म्हणून ती लवकर वेग घेते व लवकर थांबते. या शेवटच्या गुणाचें महत्त्व खेड्यांत फार. जड गाडी उभी करून पुन्हां हलविण्यांत जी वेळ व शक्ति खर्ची पडते, तिच्यामुळेंच लहान स्टेशनें अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलतात.

आयर्लंडच्या वायव्येस डोनेगाल परगण्यांत तीन फुटी रुळांचें सुमारें सव्वाशें मैलांचें जाळें होतें. मुलूख डोंगराळ, वस्ती विरळ, रेल्वे गरीब. तिचे व्यवस्थापक हेन्री फोर्ब्स मोठे हिकमती गृहस्थ. १९२६ सालीं इंग्लंडांतील खाणकामगारांच्या संपानें कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हां त्यांनीं लहान पेट्रोल गाड्या रुळांवर चालवून पाहिल्या, आणि १९३१ च्या सुमारास डिझेलच्या गाड्या आणल्या. ब्रिटिश बेटांत नियमित उतारू नेणारी पहिली डिझेल रेलकार ती हीच मानतात. स्टेशन असो वा नसो, सडकेच्या फाटकापाशीं हात केला कीं गाडी उभी राही. बसशीं स्पर्धा करावयाची तर बसप्रमाणें वागलें पाहिजे, हें फोर्ब्स यांना कळलें होतें. तो मार्ग १९५९ च्या अखेरीस बंद पडला खरा. परंतु आयर्लंडांतील बहुतेक अरुंद मार्ग त्याच्यापूर्वींच उखडले गेले होते.

अडीच फुटी रुळांवर अशी गाडी चालत नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्यानें कालका-सिमला मार्गाकडे पाहावें. माप तेंच, चढ सातपुड्याहूनही बिकट. आणि तेथें इंग्रजी अमदानींतच रेलमोटार धावूं लागली. फरक इतकाच कीं तींत पंधरा-सोळा माणसांची सोय असे, आणि तीं माणसें बहुधा साहेबलोकांपैकीं असत. सौंसरच्या बाजारकऱ्याला ती सुचली नाहीं.

रेलकारचे दोषही लहान नाहींत. जत्रेच्या दिवशीं तिप्पट गर्दी लोटली तर साध्या गाडीला चार डबे जादा जोडतां येतात. रेलकार मागें फार तर एखादा हलका डबा ओढील. यंत्र बिघडलें कीं डबाही अडकून पडतो. म्हणून डोनेगालांत जड मालासाठीं वाफेचीं एंजिनें शेवटपर्यंत ठेवलेलीं होतीं. तेथें निवड दोहोंपैकीं एकाची नव्हती.

वऱ्हाडांत मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतले’ची गोष्ट या संदर्भांत बोलकी आहे. कापसासाठीं घातलेल्या या मार्गावर मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन सत्तर वर्षें राबलें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याला निवृत्त करून डिझेल एंजिन जोडण्यांत आलें. नागपूरच्या छोट्या लाईनीवरही तसेंच झालें. कोळसा गेला, तेल आलें. पण वेगळें एंजिन, मागें डबे, शेवटीं एंजिन फिरविणें, हें सारें होतें तसेंच राहिलें. गाडीची घडण बदलण्याची संधि त्या दिवशीं दाराशीं आली होती. इंधन बदललें म्हणजे सुधारणा झाली, असा समज रेल्वेखात्यांतच काय, घरच्या स्वयंपाकघरांतही आढळतो.

आतां अडीच फुटी रुळांवर रेलकार आणण्याचा काळ गेला. रुंद मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत. जिच्या डब्यांतच विजेचीं यंत्रें बसविलेलीं असतात व जी दोन्ही टोकांकडून चालते, ती ‘मेमू’ नात्यानें रेलकारचीच धाकटी बहीण होय. ती लवकर वेग घेते, लवकर थांबते. मात्र ती कोठें थांबावी हें यंत्र ठरवीत नाहीं, वेळापत्रक ठरवितें. छोट्या लाईनीवर चार-सहा मैलांवर एखादें स्टेशन असे, कांहींना फलाटही नव्हता. उतारू खडीवरून चढत. रुंद मार्गाच्या नकाशांत अशा थांब्यांपैकीं कोणते राहतात व कोणते गळतात, हें उमरेड ते नागभीडच्या दरम्यानच्या खेड्यांना वेगाच्या आंकड्यांहून अधिक जवळचें आहे. गाडी तासाला किती मैल जाते, हें तिला शेतांतून नुसती जातांना पाहणाऱ्याच्या कामाचें नसतें.