हिरा खरा, पण ठेव नव्हे



लग्नसराई जवळ आली की बँकेत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा खरा असतो का? आणि तो घेतला तर बचत झाली असे समजावे का? पहिल्याचे उत्तर 'हो' आहे, दुसऱ्याचे 'नाही'. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर कशी, ते आज पाहू.

हिरा म्हणजे कार्बन. जमिनीखाली सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाब आणि उष्णता यांत तो घडतो. बहुतेक नैसर्गिक हिरे १०० कोटी वर्षांहून जुने आहेत. ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर ते वर येतात. आपल्या देशात मध्य प्रदेशातील पन्ना येथे अशी खाण आहे.

कारखान्यात हिरा करण्याच्या पद्धती दोन. पहिलीत निसर्गाचीच नक्कल करतात : वातावरणाच्या ५० हजार पट किंवा जास्त दाब आणि १,३०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ मध्ये हे साधले. दुसऱ्या पद्धतीला सीव्हीडी म्हणतात. बंद कक्षात हिऱ्याची पातळ चकती 'बीज' म्हणून ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडून ते खूप तापवतात. मिथेनमधला कार्बन सुटून चकतीवर थरावर थर चढतो, पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर जमते तसा. काही आठवड्यांत हिरा तयार. पैलू पाडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सुरतेत आता असे हिरे तयारही होतात.

दोन्ही हिऱ्यांचा कठीणपणा सारखा, चमक सारखी. नुसत्या डोळ्यांनी सराफालाही फरक सांगता येत नाही. त्यासाठी खास उपकरणे लागतात. 'अमेरिकन डायमंड' मात्र वेगळा. तो झिर्कोनिया असतो, हिरा नव्हेच. लॅबग्रोनला खोटा म्हणू नका आणि अमेरिकन डायमंडला लॅबग्रोन समजू नका.

मग लॅबग्रोन इतका स्वस्त का? खाणीतून किती निघेल याला मर्यादा आहे. कारखान्यात आणखी एक यंत्र बसवले की माल वाढतो. माल वाढला की भाव उतरतो. डी बिअर्स या मोठ्या हिरे कंपनीने २०१८ मध्ये लॅबग्रोन दागिने कॅरटला ८०० डॉलरने विकायला काढले. २०२४ मध्ये हाच दर ५०० डॉलरवर आणला आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. आज घेतलेला खडा उद्या नवाच स्वस्त मिळत असेल, तर तुमचा जुना खडा कोण चढ्या भावाने घेईल?

नैसर्गिक हिरा लॅबग्रोनपेक्षा दुर्मीळ, म्हणून महाग. पण त्यालाही सोन्यासारखा रोजचा एकच भाव नसतो. वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू यांवर प्रत्येक खड्याची किंमत वेगळी ठरते. लहान खडे मोडायला गेलात तर खरेदीपेक्षा बरेच कमी पैसे हाती येतात.

आता बँकेची बाजू. समजा, अंगठी ६०,००० रुपयांची आहे. त्यात सोने २५,००० चे, हिरा २५,००० चा, बाकी घडणावळ आणि जीएसटी. अडीनडीला ती घेऊन सोनेतारण कर्जासाठी आलात, तर आम्ही फक्त सोन्याची किंमत धरतो आणि तिच्याही काही टक्केच कर्ज देतो. हिरा नैसर्गिक असो वा लॅबग्रोन, तो हिशेबात येत नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी एवढे करा :

१. हिरा नैसर्गिक की लॅबग्रोन, हे बिलावर स्पष्ट लिहून घ्या. सोने, हिरा आणि घडणावळ यांची रक्कम वेगवेगळी मांडायला सांगा.

२. हिऱ्याचे प्रमाणपत्र मागा. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हे सोन्याच्या शुद्धतेसाठी असतात, हिऱ्यासाठी नव्हे.

३. कॅरट शब्दाने फसू नका. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम.

४. परत घेण्याची अट तोंडी नको, लेखी घ्या : किती टक्के, रोख की बदली दागिना.

५. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

हौसेला मोल नसते, आणि हौस करूच नये असे मी म्हणणार नाही. लेकीसाठी कमी पैशांत सुंदर अंगठी हवी असेल, तर लॅबग्रोन जरूर घ्या. फक्त ती रक्कम खर्चाच्या रकान्यात लिहा. तिच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी जे पैसे हवेत, ते मुदत ठेवीत, आवर्ती ठेवीत किंवा सुकन्या समृद्धी खात्यात राहू द्या.