घरातील वृद्धांचा विसर आणि आपली जबाबदारी
(सिनेगॉगच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या सिनेगॉगचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. आम्हा नर्समंडळींकडे कमिटीने आरोग्याचा विषय दिला आहे. म्हणून आपण सहसा घराबाहेर न काढणाऱ्या एका दुखण्याविषयी आज बोलतो. ते म्हणजे म्हातारपणातला विसर. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. आमची आई अलिबागकडची. इस्राएलला आल्यावर ती उल्पानमध्ये हिब्रू शिकली आणि शूकमध्ये भाव करण्याइतकी छान बोलू लागली. ऐंशी ओलांडल्यावर मात्र ती दुकानदाराला मराठीत उत्तरे देऊ लागली. आम्ही भावंडे हसलो. मग एका रोश हशानाला चिकाचा हलवा ढवळता ढवळता ती थांबली आणि वहिनीला म्हणाली, "आता पुढं काय गं घालायचं?" पन्नास वर्षे तिनेच आम्हा सर्वांना हलवा करून घातला होता. तरी आम्ही म्हणालो, "दमली असेल." घरात नर्स असूनही आम्ही दोन वर्षे अशीच काढली. खरे कारण लाज. लोक म्हणतील, म्हातारी खुळावली.

अखेर डॉक्टरांकडे नेले तेव्हा रक्तात बी-१२ फार कमी निघाले, कानही मळाने भरलेले. इंजेक्शने सुरू झाली, कान साफ केले, आणि आई पुष्कळ हुशारीत आली. मूळ दुखणे गेले नाही, पण दोन वर्षे आधी गेलो असतो तर तेवढा काळ तिला बरा गेला असता. म्हणून पहिली विनंती, विसराला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या, ह्यांनीही माणूस विसरतो, आणि ह्यांवर उपाय आहेत. एकदोन दिवसांत अचानक बरळू लागला तर तो बहुधा डिमेन्शिया नसतो. लघवीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, नवीन गोळी, असे काही असते. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर कोणाची वाट न पाहता १०१ फिरवा.

दुसरी गोष्ट भाषेची. ह्या आजारात मागून शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. आईची पहिली तपासणी हिब्रूत झाली. वार कोणता, महिना कोणता, ती गप्पच. कागदावर आजार फार पुढे गेल्याचे लिहिले गेले. दुसऱ्या वेळी आम्ही मराठीत विचारू द्या म्हणून हट्ट धरला. तिने वार सांगितला, महिना सांगितला, वीसपासून उलटे आकडेही म्हटले. सांगितलेले तीन शब्द मात्र पाच मिनिटांनी तिला आठवले नाहीत. आजार होता, पण कागदावर होता तेवढा नव्हता. तेव्हा तपासणीला मराठी जाणणारे माणूस बरोबर न्या, आणि त्याने फक्त भाषांतर करावे. आपण प्रेमापोटी उत्तरे सुचवतो, तीही चूकच.

बित्तुआह लेउमीची सिऊदची मदत १९८८पासून मिळते. नोव्हेंबर २०१८पासून तिच्या सहा पायऱ्या आहेत. उत्पन्नाची अट आहेच, पण कोणती पायरी मिळायची ते आंघोळ, कपडे, जेवण, चालणे, शौचाला जाणे ह्यांत किती मदत लागते आणि घरात एकटे ठेवता येते की नाही ह्यावर ठरते. तपासायला बाई घरी येते. आमच्या आईने त्या दिवशी नवी साडी नेसून सांगितले, "मी सगळं स्वतःच करते. चहा घेणार?" आम्ही मान खाली घालून बसलो आणि तास कमी मिळाले. आईवडिलांचा अपमान होईल म्हणून गप्प बसू नका. बाईंना बाजूला घेऊन खरी परिस्थिती सांगा. आणि माणसाला समजते आहे तोवरच वकिलाकडे येफुई कोआख मितमाशेख करून ठेवा. २०१७पासून ती सोय आहे. समज गेल्यावर ती करता येत नाही.

मग घरात मेतापेलेत आली. मुलगी गुणी, पण आई म्हणे "मोरी, मोरी", आणि तिला कसे कळणार? बिछाना ओला होई. लघवीवरचा ताबा गेला असे समजून डायपर लावले. आठवडाभराने वहिनीच्या लक्षात आले की आई आधी सांगत होती! मग एका कागदावर मोरी, पाणी, भूक, दुखतंय, थंडी असे वीस शब्द तिला वाचता येतील अशा अक्षरांत लिहून भिंतीवर लावले. डायपर दिवसाचे सुटले. आजच घरी जाऊन असा कागद करा. नातवंडांनाही त्यातले शब्द शिकवा.

आई संध्याकाळी म्हणे, "अलिबागला कधी जायचं?" वाद घालून उपयोग नसतो. "जाऊ, आधी चहा घेऊ," म्हटले की ती शांत होई.

आता वहिनीविषयी. सारा भार तिच्यावर होता. आम्ही चारचौघांत म्हणायचो, "सून कसली, लेकच ती." पण तिला एक दिवस सुट्टी देण्याचे कोणाला सुचले नाही. तिचे ब्लडप्रेशर वाढून ती चक्कर येऊन पडली तेव्हा आमचे डोळे उघडले. कौतुकाने पाठ दुखायची थांबत नाही. त्यानंतर भावंडांनी वार वाटून घेतले, आणि सिऊदच्या तासांपैकी काही मेरकाझ योमसाठी घेतले. हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवे होते.

शेवटी आपल्या सिनेगॉगविषयी. आईला आमची नावे आठवेनाशी झाली, तरी 'शेमा' कानावर पडली की तिचा हात आपोआप डोळ्यांवर जाई. मलिद्याला एलियाहू हन्नाबीचे गाणे लागले की ओठ हलत. असे असूनही शेवटची वर्षे आम्ही तिला इथे आणले नाही. ती मध्येच बोलेल, लोक बघतील, ही भीती. आज त्याचेच वाईट वाटते.

बंधुभगिनींनो, आपल्या ओळखीच्या काही खुर्च्या अशाच रिकाम्या झाल्या आहेत. त्या माणसांना शब्बाथला घेऊन या. मध्येच बोलले तर बोलू द्या. आम्ही चार निवृत्त नर्स त्यांच्या शेजारी बसू. शिवाय आठवड्यातून एक दुपार कोणाच्या घरी जाऊन दोन तास मराठीत गप्पा माराव्यात आणि घरच्या बाईला तेवढी मोकळीक द्यावी, असे ठरवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आणि ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी, आज किद्दूशनंतर आम्हाला भेटावे. लाजू नये. आम्ही लाजलो, त्याची किंमत आईने आणि वहिनीने मोजली.