जव्हारची दोन दिवसांची ट्रिप, दोन लहान मुलं आणि माझी एक्सेल शीट

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी भांडी घासत असेल, कुणी बाळाला मांडीवर झोपवून एकाच कानात इअरफोन घालून ऐकत असेल.

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. बऱ्याच जणांनी विचारलं, की लहान मुलांना घेऊन शनिवार-रविवार डोंगरात कुठे जावं आणि त्याचा प्लॅन कसा करावा? लोणावळा, माथेरान सगळ्यांना माहीत आहे. मी सांगणार आहे जव्हारबद्दल. आणि त्यात मी काय माती खाल्ली, तेही सांगणार आहे.

मी २८ वर्षांची, बीटेक, ठाण्यात राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. लेक साडेतीन वर्षांची. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दसऱ्यानंतरच्या वीकेंडला निघालो. मी, नवरा, लेक, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. सात जण, एक मोठी गाडी. आणि माझी एक्सेल शीट. तिच्यात दोन दिवसांत नऊ ठिकाणं होती, प्रत्येकापुढे वेळ, आणि प्रत्येक वेळेला वेगळा रंग. ऑफिसमध्ये स्प्रिंट प्लॅन करतात ना, तसंच. नवरा म्हणाला, "यात शू-शीला वेळ कुठे आहे?" मी हसण्यावारी नेलं.

आधी जव्हारची थोडी ओळख. पालघर जिल्ह्यातलं डोंगरावरचं छोटं शहर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. लोक त्याला प्रेमाने पालघरचं महाबळेश्वर म्हणतात. इथे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, १९४८ पर्यंत. ठाण्याहून घोडबंदर, मनोर, विक्रमगड असं जाता येतं. नाशिककर त्र्यंबक, मोखाडा करून येतात. नकाशा काहीही सांगू दे, मुलं बरोबर असतील तर त्यात एक तास मिळवा. शेवटचा टप्पा वळणांचा आहे. आमच्या लेकीला तिथेच उलटी झाली, कारण निघताना मी तिला पोटभर दूध पाजलं होतं. म्हणून घाटाआधी हलकं खाणं, सुकी बिस्किटं, हाताशी पिशव्या आणि कपड्यांचा एक जोड वरच्या बॅगेत. डिकीत नाही, वरच्या बॅगेत! उलटीचं औषध द्यायचं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

बरं, आता मुख्य गोष्ट.

पहिल्या दिवशी शीटप्रमाणे राजवाडा, म्हणजे जयविलास पॅलेस, बघून आम्ही दाभोसाला गेलो. हा लेंडी नदीवरचा धबधबा, जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर, उंची सुमारे तीनशे फूट. ऑक्टोबरात पाणी छान असतं. वरूनही मस्त दिसतो. पण शीटमध्ये लिहिलं होतं, "खाली उतरणे, दीड तास."

सासूबाई गाडीजवळच म्हणाल्या, "पोरं दमलीत गं. इथूनच बघू या की." मी म्हटलं, "आई, एवढ्या लांब आलोय." बघा, हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या मते मुलांबरोबरच्या ट्रिपमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच आहे.

लेक नवऱ्याच्या कडेवर होती. पुतण्याचा हात माझ्या हातात. वाट ओली होती. दुसऱ्या हाताने मी फोन काढला, व्हिडिओसाठी. आणि त्याचा पाय सटकला. सेकंदभर तो माझ्या हाताला नुसता लटकत होता. भाऊजी दोन पायऱ्या खाली होते, त्यांनी कमरेला धरून उचललं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण तो रडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "काकू, तू फोन बघत होतीस."

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाला घेतलं आणि वर चालायला लागल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

याच तालुक्यात काळमांडवीचा धबधबा आहे. जुलै २०२० मध्ये तिथे पाच तरुण बुडाले. पोहणारी, धडधाकट पोरंसुद्धा फसतात अशा जागी. म्हणून माझा आता साधा नियम आहे. दहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर धबधबा वरून, लांबून बघायचा. पाण्यात उतरायचं नाही. आणि ज्या हातात मूल, त्या माणसाच्या दुसऱ्या हातात फोन नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, "तू आमच्यासाठी एवढं केलंस, ते दिसतंय मला. पण पोरांना जागा मोजायच्या नसतात गं." मी उठले, फोनवर शीट उघडली आणि रविवारच्या पाच ओळी उडवल्या. एकच ठेवली, शिरपामाळ. शीटमध्ये तिला मी फक्त वीस मिनिटं दिली होती.

शिरपामाळ म्हणजे गावाजवळचं मोकळं माळरान. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर शिवाजी महाराज निघाले, तेव्हा ते इथे थांबले होते, असं सांगतात. जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं, मानाचा शिरपेच चढवला, म्हणून नाव पडलं शिरपामाळ. आता तिथे स्मारक आहे. पण मुलांना काय, तर सपाट जमीन, गवत आणि वारा!

आम्ही तिथे तीन तास होतो. पुतण्या महाराजांचा घोडा झाला, लेक त्याच्या मागे. दुखऱ्या गुडघ्यासकट पळत होता. मी त्यांना जयबा मुकण्यांची दंतकथा सांगितली. संस्थानाचे हे मूळ पुरुष. त्यांनी म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. समोरचा हो म्हणाला. मग जयबांनी त्या कातड्याच्या बारीक-बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी केवढी तरी जमीन वेढून टाकली! पुतण्याने लगेच नॅपकिन मागितला, कापायला. मग जाऊबाई हसल्या. कालपासून पहिल्यांदा. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "माहितीये. डबा काढ, भूक लागली."

तर आता सगळं चटकन सांगते, हवं तर लिहून घ्या.

एक, अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. दुपारची झोप ही ट्रिपचाच भाग आहे, तो वाया गेलेला वेळ नाही. दोन दिवसांत राजवाडा, सनसेट पॉइंट आणि शिरपामाळ एवढं भरपूर झालं. राजवाडा उघडा आहे का, ते मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारा. सनसेट पॉइंटला दरी आहे, मुलाचा हात सोडायचा नाही.

दोन, वेळ. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसात घाट, धुकं आणि तान्हं मूल एकत्र नको. होळीच्या आसपास इकडे बोहाडा असतो, देव-दानवांचे मोठे मुखवटे घालून रात्री सोंगं नाचतात. बघण्यासारखंच आहे, पण अगदी लहान मुलं घाबरू शकतात.

तीन, जेवण. नागलीची भाकरी आमच्या लेकीने गुळाबरोबर आवडीने खाल्ली. मुलांचं बिनतिखट हवं, हे जेवण सांगतानाच सांगा.

चार, नेटवर्क दगा देतं. नकाशा आधीच डाउनलोड करा, रोख पैसे ठेवा. जव्हारमध्ये पतंगशाह कुटीर रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे, ते नकाशावर खूण करून ठेवा.

पाच, रिकाम्या वेळेसाठी कागद-पेन्सिल. हा वारली चित्रांचा मुलूख आहे. दोन त्रिकोण आणि एक गोल जोडला की माणूस तयार. आमच्या खोलीत तासभर शांतता होती!

आणि शेवटचं, पाणी. इथे पाऊस धो-धो पडतो, तरी एप्रिल-मे मध्ये जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. मुलांना हे सांगा. पुतण्या आता घरी नळ वाहता दिसला की ओरडतो, "जव्हारचं पाणी!"

परत येताना मी लेकीला विचारलं, सगळ्यात काय आवडलं? मला वाटलं राजवाडा म्हणेल. ती म्हणाली, "वारा."

शीटमध्ये त्यासाठी कॉलमच नव्हता.

चला, आज एवढंच. तुमच्या ट्रिपमध्ये काय फसलं, ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि मुलांचा हात धरलेला असताना फोन खिशातच ठेवा!