हाताने सोडवता येईल इतका अवघड प्रश्न



आज मला एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे: गणिताच्या प्रकल्पासाठी विषय कसा निवडावा. प्रकल्पाची वेळ आली की मुले बहुधा दोन टोकांना जातात. काही जण पायथागोरसच्या प्रमेयाचा तक्ता सुबकपणे रंगवतात. त्यात शोधायला काही उरलेले नसते. काही जण ‘चौथी मिती’सारखे भारदस्त नाव घेतात आणि पुस्तकांतले उतारे उतरवून काढतात, तिथे स्वतः करायला काही सापडत नाही. माझ्या मते ज्या प्रश्नाची पहिली पायरी आज, कागद-पेन्सिल घेऊन चढता येते आणि दुसऱ्या पायरीवर मात्र थांबून विचार करावा लागतो, तोच प्रश्न तुमच्या तोलाचा.

याचा उत्तम दाखला नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. तिथले शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 1949 साली 6174 या संख्येचे वैशिष्ट्य मांडले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची उतरत्या क्रमाने संख्या करा, तीतून चढत्या क्रमाची वजा करा आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करा (उत्तर तीन अंकी आले तर डावीकडे शून्य मांडून ते चार अंकी धरा). 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतेच. चौथीतल्या मुलालाही ही सुरुवात जमेल. पण ‘असे का?’ हा प्रश्न तेवढा सोपा नाही. तेव्हा तो लहान करा आणि तीन अंकी संख्या घ्या. वजाबाकीत मधला अंक निघून जातो आणि उरते सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची 99 पट. म्हणजे शेकडो संख्यांसाठी उत्तरे नऊच: 99, 198 पासून 891 पर्यंत. ती नऊ तपासली की सगळ्या वाटा 495 ला मिळतात, आणि ही झाली पूर्ण सिद्धता, आठवीच्या बीजगणितात बसणारी. मग दोन अंक घेऊन पाहा. तिथे एक संख्या न येता 9, 81, 63, 27, 45 असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही एक स्थिर संख्या मिळत नाही, चक्रेच मिळतात. प्रश्न असा लहान-मोठा करता येणे, हीच चांगल्या विषयाची खूण आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे आधीच माहीत आहे, मग त्यात नवे काय? शालेय प्रकल्पाकडून जगाला नवा सिद्धांत मिळावा अशी अपेक्षा नसते. विद्यार्थ्याने स्वतः अंदाज बांधावा, तो तपासावा, चुकला तर बदलावा आणि शेवटी कारण द्यावे, एवढी अपेक्षा असते. दुसरा आक्षेप गुणांचा: साध्या विषयाने परीक्षकांवर छाप पडेल का? वजाबाकीएवढ्या साध्या कृतीतून निघालेल्या कापरेकरांच्या कामावर 1975 साली गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात लिहिले. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुरुवात सोपी असली तरी पुढची वाट अशक्य असू शकते. हे खरे आहे. सम संख्या निम्मी करा, विषमेला तिनाने गुणून एक मिळवा आणि उत्तरावर हेच करत राहा, ही गणितज्ञ कोलाट्झ यांची कृती कोणालाही जमते. तरी ती नेहमी 1 वर पोचते का, हे अजून सिद्ध झालेले नाही. सत्तावीसपासून निघालात तर 9232 पर्यंत चढून 111 पायऱ्यांनी 1 येतो. म्हणून हा विषय टाकून द्यावा असे नाही. ‘नेहमी पोचते का?’ हे सोडून ‘100 पर्यंतच्या संख्यांत सर्वांत लांब प्रवास कोणाचा, आणि कोणत्या संख्यांचे रस्ते पुढे एकमेकांत मिसळतात?’ असे विचारा. विषय तोच राहतो, प्रश्न आवाक्यात येतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, विषयाला मंजुरी देताना शीर्षक पाहू नका. पहिल्या आठवड्यातली कच्ची वही मागा. पालकांनी तयार प्रकल्प विकत आणून देऊ नये. आणि मुलांनो, विषय ठरवण्यापूर्वी एक तास त्यावर आकडेमोड करा. तासाभरात सगळे संपले, तर प्रश्न वाढवा. काहीच हलले नाही, तर लहान करा. आणि ‘असे का होते?’ हा प्रश्न वहीत उतरला, तर विषय मिळाला असे समजा.