आधी काय तुटायचं ते ठरवा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी सगळ्या वक्त्यांना एकच अट घातली होती : आपल्या नोकरीबद्दल बोलायचं नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल आज एक अक्षरही नाही. गेली सहा-सात वर्षं शनिवार-रविवारी मी आणि माझी मुलगी ज्यात हात काळे करतो, त्या गाड्यांबद्दल बोलणार आहे. नायट्रो इंधनावर धावणारे रिमोट कंट्रोलचे मॉन्स्टर ट्रक. मागच्या बाकावरून हसू ऐकू आलं. हसा, माझ्या सासूबाईही अजून हसतात.

याला खेळणं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास, वजन चार ते पाच किलो, चाकं नारळाएवढी आणि ताकद चारही चाकांना. इंजिन अडीच ते साडेचार सीसीचं. आपल्या वेळची लूना पन्नास सीसीची होती. पण हे एवढंसं इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या पुढे जातं आणि गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरने खडीवरून उड्या मारत पळते. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला, आणि या गाड्यांमधलं मोठं नाव असलेली ट्रॅक्सस कंपनी तिथलीच, मॅककिनीची. तिचा टी-मॅक्स १९९९ साली आला आणि अमेरिकेत घरोघरी या ट्रकचं वेड पसरलं. मग एचपीआयचा सॅव्हेज आला, २००४ साली ट्रॅक्ससचाच रेव्हो. आता बाजार बहुतेक विजेच्या गाड्यांचा झाला आहे. खरं सांगते, विजेची गाडी वेगाला जास्त, त्रासाला कमी आणि शेजाऱ्यांना सोसणारी आहे. तरी आम्ही नायट्रोलाच धरून आहोत, कारण ही गाडी कानांनी चालवावी लागते.

ही गाडी हातात आली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो : अजून किती पळेल? माझ्या मुलीलाही पडला. तेव्हा आम्ही वहीत एक यादी केली. इंजिन जोरदार केलं, तर प्लास्टिकच्या मोठ्या गिअरचे दाते जातात. तो गिअर लोखंडी घातला, तर धक्का पुढे डिफरन्शिअलमध्ये जातो आणि तिथले दाते खातो. डिफरन्शिअल भक्कम केलं, तर चाकाकडे जाणारा दांडा पिळवटतो. दांडा पोलादी केला, तर तो ज्या कपात बसतो तो कप झिजतो. म्हणजे वेग वाढवला की तुटायची जागा फक्त पुढे सरकते. म्हणून वेगाचं काम काढताना आम्ही आधी एक गोष्ट ठरवतो : काय तुटलं तर चालेल? जो भाग स्वस्त आहे, जो चार स्क्रू काढून दहा मिनिटांत बदलता येतो, तोच कच्चा ठेवायचा. घरातल्या फ्यूजचं काम याहून वेगळं नसतं.

पण पहिला बळी जातो इंजिनाचा, आणि नवं इंजिन दीडशे डॉलरच्या पुढे पडतं. म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलते.

हे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल पंपावर स्कूटरसाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, तो वास तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. इथेही इंधनातच तेल असतं. बाकीचं म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन. आमच्या बाटलीत नायट्रोमिथेन वीस टक्के असतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलो आणि नायट्रोमिथेनला दोन किलोही लागत नाही, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, आणि ताकद येते ती यातून. ठिणगीचा प्लग नसतोच. त्याजागी हा ग्लो प्लग असतो. (मी दोन-तीन भाग डब्यात घालून आणले आहेत. हा पुढच्या रांगेपासून फिरवते, परत मात्र द्या.) आतली बारीक तार प्लॅटिनमची आहे. सुरू करताना दीड व्होल्टने ती लाल करायची, मग वायर काढून घ्यायची. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या क्रियेने आणि ज्वलनाच्या उष्णतेने ती आपली आपण पेटती राहते.

बाई समोरच बसल्या आहेत. आठवीत त्यांनी आमच्या मनगटावर स्पिरिट लावून फुंकर मारायला सांगितली होती. द्रवाची वाफ होताना उष्णता खेचली जाते, ते तेव्हा गार लागलं म्हणून कळलं. मिथेनॉल हेच काम इंजिनाच्या आत करतं. म्हणजे इंधन हेच इंधन, तेच वंगण आणि तेच थंडावाही. आता कार्बोरेटरवर एक सुई असते. ती स्क्रूने आवळली की इंधन कमी जातं. गाडी लगेच हलकी होते, आवाज चिरका होतो, पळते झकास. मुलं टाळ्या वाजवतात. पण त्याच क्षणी वंगण आणि थंडावा दोन्हीही कमी झालेले असतात. अशी गाडी टाकीभर पळते, दुसऱ्या टाकीला तापून बंद पडते, आणि उघडून बघावं तर पिस्टनवर उभे ओरखडे. उद्यमनगरात ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना ते ओरखडे मी दाखवायची गरज नाही.

त्यामुळे सर्वांत वेगवान सेटिंगच्या थोडी अलीकडे थांबायचं. गाडीमागे पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. ग्लो प्लगजवळ इन्फ्रारेड तापमापक धरून बघायचं. १०५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आम्ही समाधानी असतो. आणखी एक साधी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू असताना इंधनाची नळी कार्बोरेटरपाशी बोटांनी दाबायची. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं, तर मंद गतीचं मिश्रण बरोबर. दाबल्याबरोबर बंद पडलं तर इंधन कमी जातंय, बराच वेळ रेंगाळलं तर जास्त.

हे एकदा लावून संपत नाही. टेक्सासात ऑगस्टच्या दुपारी चाळीस अंशांत लावलेली सुई डिसेंबरच्या थंड सकाळी धोक्याची ठरते. थंड हवा दाट असते, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन जास्त जातो, इंधन मात्र तेवढंच. म्हणजे काहीही न आवळता मिश्रण कोरडं झालेलं असतं. थंडीत सुई आधी थोडी उघडायची आणि मगच गाडी सोडायची. आमच्या वहीत तारीख, तापमान आणि सुई किती वळसे उघडी, अशा तीन रकान्यांची पानंच्या पानं भरली आहेत.

नव्या इंजिनाच्या रनिंग-इनबद्दलही बोललं पाहिजे. नवीन स्कूटर घेतली की वडील बजावायचे, चाळीसच्या वर न्यायची नाही. इथे कारण थोडं निराळं आहे. या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळेचा, आतून क्रोम केलेला आणि वरच्या टोकाला किंचित निमुळता. थंड असताना पिस्टन वर जाऊन चक्क अडकतो, हाताने फ्लायव्हील फिरवलं तर चिमटल्यासारखं लागतं. तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि मग दोघांची गाठ नेमकी जमते. म्हणून पहिल्या काही टाक्या इंधन जास्त ठेवून पण इंजिन पुरेसं गरम करून चालवायच्या, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायच्या. थंडीच्या दिवसांत आम्ही हेअर ड्रायरने इंजिन आधी कोमट करतो. तो ड्रायर आता केसांना कुणी लावत नाही.

आणि धूळ. कितीही महागाचं इंजिन घ्या, हवेच्या फिल्टरमधून वाळूचे कण आत गेले की दोन-चार टाक्यांत कॉम्प्रेशन संपतं. फोमच्या फिल्टरला त्याचं तेल चोळून लावायचं, नुसता ओतायचा नाही, आणि फिल्टर जिथे कार्बोरेटरला बसतो तिथला रबरी सांधा पट्टीने आवळायचा. ज्याला पैसे खर्च करायचेच आहेत, त्याने पहिले दहा डॉलर फिल्टरवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. रंगीत ॲल्युमिनियमचे भाग नंतर.

त्या रंगीत भागांवरून आठवलं. नायलॉनच्या हातांऐवजी निळ्या-तांबड्या ॲल्युमिनियमचे हात बसवायची मोठी फॅशन आहे. चाकाला धरणाऱ्या त्या हाताला कडक ठोकर बसली, तर नायलॉन वाकतं आणि परत सरळ होतं. ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेलंच राहतं, किंवा धक्का तसाच चॅसिसकडे पाठवतं. दिसायला ते छान असतं, एवढंच.

वेग वाढवायचा सोपा मार्ग गिअरचा. क्लचच्या घंटेवर अठरा दाते असतील, तर वीसची घंटा घालायची. कागदावर वेग अकरा टक्के वाढला. पण गाडी उठायला जड होते, क्लच जास्त वेळ घसरतो, इंजिन जास्त तापतं. मोकळ्या डांबरी मैदानावर वीस दाते ठीक. गवतात आणि मातीत आम्ही पुन्हा अठरावर येतो. चाकंही फसवतात. जोरात फिरताना मऊ रबर फुगतं, टायर रिमपासून सुटतो. आतून पट्टी लावायची आणि कड फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने चिकटवायची.

गिअरच्या पुढे स्लिपर क्लच आहे, म्हणजे ठरावीक जोराच्या वर मुद्दाम घसरणारी चकती. आमचा फ्यूज हाच. तो इतकाच आवळायचा की एकदम थ्रॉटल दिला तर फूटभर घसरून मग पकडेल. डिफरन्शिअलमध्ये घट्ट सिलिकॉन तेल भरायचं, नाहीतर एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाते. आत पातळ वायसर घालून दात्यांमधला खुळखुळा काढायचा. माझ्या अनुभवात डिफरन्शिअल वाचतं ते निम्मं या कागदासारख्या वायसरांमुळे. धातूत धातू बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक. आणि चालवणाऱ्याला एक नियम : उडी मारली की जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल सोडायचा. हवेत भन्नाट फिरणारी चाकं जमिनीला लागून एकदम अडली की तो झटका दांडा, डिफरन्शिअल आणि गिअर सगळ्यांना एकाच वेळी बसतो. या सवयीने आमचा जेवढा खर्च वाचला, तेवढा कुठल्याही पोलादी भागाने वाचवला नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते. पाच किलोची गाडी ताशी पासष्ट किलोमीटरने धावते, तेव्हा तिची गतिज ऊर्जा काढा. सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं सूत्र तेच. उत्तर येतं आठशे ज्यूलच्या वर. पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून पाच किलोचं पोतं खाली टाकलं, तर जमिनीला लागताना जेवढी ऊर्जा असेल तेवढी. वेग दुप्पट केला की चौपट.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जातो त्या मैदानावर एका गृहस्थांच्या ट्रकमधली रिसीव्हरची बॅटरी धावता धावता संपली. थ्रॉटल उघडा होता, तो तसाच राहिला. गाडी मैदान पार करून जाळीच्या खांबावर आदळली आणि उलटी पडून किंचाळत राहिली. जाळीपलीकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा फुटबॉलचा सराव चालू होता. खांब मध्ये होता म्हणून झालं. सगळे पळत गेले. माझी मुलगी जागची हलली नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, आपली थांबली असती का?"

त्या आठवड्यात आम्ही वेगाचं सगळं काम बाजूला ठेवलं. फेलसेफ सिग्नल गेला की सर्व्होला ब्रेकवर नेतो, ते रिमोट बंद करून, चाकं उचलून धरून, प्रत्येक वेळी तपासायचं. पण बॅटरीच मेली तर सर्व्होलाच जोर नाही. म्हणून कार्बोरेटरला ओढून बंद करणारी एक वेगळी स्प्रिंग, चहाच्या कपाच्या किमतीची. आता मैदानावर पोचल्यावर मुलगी आधी रिमोट बंद करून बघते, मग इंजिन सुरू करते. रस्त्यावर गाडी काढायची नाही, हा घरचा कायदा आहे. इंधन भरताना इंजिन बंद, कारण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही. आणि विषारी दारूच्या बातम्यांमधलं मिथेनॉल ते हेच, म्हणून हातमोजे आणि बाटलीला कुलूप.

घरी येण्याआधी टाकीतलं उरलेलं इंधन काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आतली बेअरिंगं गंजतात. मग ग्लो प्लग काढून चार थेंब तेल आत. फ्लायव्हीलवर खडूने खूण केलेली असते. ती बघून पिस्टन खाली आणून ठेवायचा, म्हणजे गार होताना लायनर त्याला आवळत नाही. हे सगळं आता मुलगीच करते. मी फक्त दुसऱ्या दिवशी बेअरिंग बोटाने फिरवून बघते.

ग्लो प्लग कुठल्या रांगेत पोचला? काहींनी मधल्या सुट्टीत प्रश्न विचारायचे ठरवलेले दिसतात. जेवणाच्या रांगेत भेटा.