जठरावांचून जेवण



जठर म्हणजे देहाची चूल. ती विझली कीं सारा कारभार आटोपला, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. 'जठराग्नि' हा शब्दच आपण तसा घडविला. परंतु १८९७ च्या सप्टेंबरांत झ्यूरिच येथील श्लाटर नामक शस्त्रवैद्यानें एका ५६ वर्षांच्या बाईचें कर्करोगानें ग्रासलेलें जठर समूळ काढलें व अन्ननलिका थेट लहान आंतड्यास जोडली. ती बाई पुढें वर्षाहून अधिक काळ खातपीत होती. तत्पूर्वीं १८८१ सालीं व्हिएन्नाच्या बिलरोथनें जठराचा केवळ खालचा भाग काढण्यांत यश मिळविलें होतें.

आज हें दूरदेशींचें नवल राहिलेलें नाहीं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें. विरारहून लोकलनें तेथें पोंचतां येतें. आमच्या फुलपाड्याचे एक गृहस्थ मुंबईस ही शस्त्रक्रिया करवून घरीं आले. शस्त्राहून अधिक पीडा त्यांस झाली ती आप्तेष्टांच्या आग्रहाची! 'अशक्त झालांत, पोटभर जेवा' असें जो तो म्हणे.

जठर हें मुख्यतः कोठार आहे. तें अन्न घुसळून थोडें थोडें पुढें सोडतें. पचनाचें बहुतेक काम आंतडींच करितात. कोठारच गेलें म्हणजे सारें जेवण एकदम आंतड्यांत उतरतें. त्यांत गोड असलें तर छातींत धडधड, घाम, भोवळ! मग श्रीखंड असो कीं आमच्या वसईचीं सुकेळीं. दिवसांतून सहा वेळां थोडथोडें चावून खावें. पाणी जेवतांना नव्हे, मागाहून प्यावें.

याहून मोठा धोका गुपचूप येतो. जठरांतून पाझरणाऱ्या एका द्रव्यावांचून अन्नांतील ब-१२ जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं. यकृतांतील सांठा कांहीं वर्षें पुरतो, आणि नेमकी तेथेंच फसगत होते. जखम बुजलेली, मनुष्य हिंडताफिरता. डॉक्टरांकडे जाणें सुटतें. मग कधींतरी पंडुरोग दिसूं लागतो, पायांस मुंग्या येतात, चाल अडखळते. मज्जातंतूंची ही हानि उशीर झाल्यास पुरती भरून येत नाहीं. म्हणून ब-१२ चें इंजेक्शन, वा डॉक्टर सांगतील ती मात्रा, जन्मभर घ्यावी लागते. घरच्या मंडळींनीं त्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या.

आणि पंगतींत अशा पाहुण्याच्या पानांत दुसरी पोळी वाढूं नये. त्याचें पान लहान असावें. दोन तासांनीं त्यास पुन्हा दोन घास लागतील, ते त्यानें मागण्यापूर्वींच पुढें करावे.