धामच्या पात्रातली छत्री



पवनारची सहल आपल्यापैकी कोणाची चुकली असेल असं वाटत नाही. आधी आश्रम, मग खाली नदीवर डबे सोडायचे. तिथे पात्रात गांधीजींची छत्री आहे. १२ फेब्रुवारी १९४८ ला त्यांच्या अस्थी धाममध्ये विसर्जित झाल्या, त्याची ती खूण. दरवर्षी त्या दिवशी सर्वोदय मेळा भरतो.

वर आश्रमात वाकाटक काळातली शिल्पं आहेत, जमीन खणताना निघालेली. भरत-राम भेटीचं शिल्प सगळ्यांना आठवतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी अशा चित्राची कल्पना मांडली होती, आणि पुढे पवनारच्या मातीतून तीच भेट वर आली. त्या शिल्पांत गंगाही आहे. तिच्यापुढे फारसं कोणी थांबत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी धामच्या काठी कोणीतरी नदीला चेहरा दिला होता!

पूर आला की ‘छत्री बुडाली का?’ हे सगळे विचारतात. उन्हाळ्यात तिच्याभोवतीचे खडक उघडे पडतात. म्हणजे ती नकळत नदी मोजायची पट्टीच झाली. ‘पाणी वाचवा’ हे भिंतीवर वाचून कोणी नळ बंद केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली ईव्ह मोशर या कलावतीने समुद्रसपाटीपासून दहा फूट उंची धरून रस्त्यांवर खडूची निळी रेघ ओढत नेली. पाणी कुठवर चढू शकतं, ते लोकांना आपल्या दारात दिसलं. उपदेशाचा एक शब्द नाही.

आता मुद्द्याचं. बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधायची, असं ग्रुपवर जवळपास ठरलंय. कमानी वर्ध्यात पुरेशा आहेत. त्याऐवजी रस्त्याकडच्या भिंतीवर धाम काढू या: महाकाळीच्या धरणापासून येळाकेळी, पवनार, आणि तिथून आपल्या नळापर्यंत. वर्धा शहर हेच पाणी पितं. मुलांना गंगेचा उगम पाठ असतो, धामचा विचारून बघा. बाजूला एक उभी पट्टी मोकळी ठेवायची. धरणात किती टक्के पाणी उरलं, ते दर सोमवारी मुलांनी तिच्यावर रंगवायचं. मे महिन्यात ती पट्टी कुठे असेल, ते पालकांनाही शाळेत सोडायला येताना दिसेल.

रंग दोन-तीन वर्षांत उडणार, म्हणून निम्मे पैसे बँकेत ठेवावे लागतील. हे आधीच सांगते, नंतर कुरकुर नको.

चित्रकलेच्या सरांना मी काल विचारलं. ते म्हणाले, आधी भिंतीला प्लास्टर करून घ्या.